रक्तगटाचा रकाना

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. पण भिंतीवर अक्षरांचा तक्ता, हातात लांब काठी, आणि समोरच्या खुर्चीत एक डोळा झाकून कोणीतरी "प... र... ट, नाही, ठ" असं चाचरत वाचतंय, हे पाहून नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका शिपायाने त्यांना मास्तर म्हटलं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

नोकरी आरोग्य तपासणी केंद्रातली. कारखान्यात नव्याने लागणारे, गाडी चालवायचा परवाना काढणारे, बोटीवर जाणारे, सगळ्यांना या इमारतीतून पार व्हावं लागे. एका खोलीत उंची आणि वजन, दुसरीत कान, तिसरीत छाती. चौथी खोली डोळ्यांची, म्हणजे मास्तरांची. आणि बोळ ओलांडून अगदी समोर, पाचवी, रक्ताची.

डोळे तपासणाऱ्याचेच डोळे अधू होते. मास्तरांचा नंबर उणे नऊ. चष्म्याची काच अशी जाड की बाहेरून बघणाऱ्याला त्यांचे डोळे दोन बारीक मण्यांसारखे दिसत. खुर्चीत बसणारा हमखास विचारी, "तुम्हाला दिसतं ना नीट?" मास्तर भिंगांची पेटी उघडत म्हणत, "मला दिसलं नाही तरी चालतंय. दिसायला तुम्हाला हवं."

हसून साजरं करत असले तरी मनात सल होता. आईला म्हातारपणीही सुईत दोरा ओवता येई. वडील गेले तोवर त्यांना चष्मा लागला नाही. मोठी बहीण, ताई, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांची बटणं मोजून दाखवी. मग हे आपल्यालाच कुठून आलं? लग्नाचं दोनदा जमता जमता मोडलं. दुसऱ्या वेळी मुलीच्या आईने ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा सोन्यासारखा आहे हो. पण उद्या नातवंडंही अशीच निघाली तर?" ताईने हे त्यांना सांगायला नको होतं, पण रागाच्या भरात सांगितलं. त्यानंतर मास्तरांनी तो विषय बंद केला. ते आणि आई, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि सकाळी आठचं केंद्र.

एकतिसाव्या वर्षी एक ट्रकवाला त्यांच्या खुर्चीत बसला. उणे चार निघाला. मास्तर भिंगं बदलत असताना तो गप्पा मारायला लागला. "आम्ही तिघं भाऊ. तिघांचा रक्तगट बी, तिघांना चष्मा. बहिणीचा ओ. तिला लांब उडणारा पक्षीसुद्धा कुठला ते कळतं. रक्तातच असतंय का हो हे?"

"असं काही नसतं," मास्तर म्हणाले. पण ट्रकवाला गेल्यावर पुढच्या माणसाला बोलवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांचा स्वतःचा रक्तगटही बीच होता.

दुपारी साडेतीनला गर्दी ओसरली तेव्हा ते बोळ ओलांडून पाचव्या खोलीच्या दारात उभे राहिले. आत रक्तवाल्या बाई काचेची पट्टी उजेडात धरून बघत होत्या. पट्टीवर रक्ताचे थेंब, त्यांत औषधाचा एकेक थेंब. कुठल्या थेंबात गुठळ्या धरतात त्यावरून रक्तगट ठरे. शिपाई त्यांना पाठीमागे डासबाई म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

"बाई, एक विचारू?"

"विचारा की. सुई माझ्या हातात आहे, घाबरायचं मी थोडंच?"

मास्तरांनी ट्रकवाल्याची गोष्ट सांगितली. आज तपासलेल्या माणसांचे रक्तगट मिळाले तर नंबरांशी ताडून बघता येईल, म्हणाले.

"रक्ताचा आणि चष्म्याचा काय संबंध?"

"तेच तर बघायचंय."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. वय मास्तरांच्याच आसपास, चेहरा थकलेला, पण ओठाच्या कोपऱ्यात सदा काहीतरी थट्टा दबा धरून बसलेली. "बघा बापडे. पण चहा तुम्ही आणायचा. आणि लिहिणार मी. तुमचं अक्षर मी पाहिलंय, मुंग्या शाईतून चालत गेल्यासारखं आहे."

अशी ती वही सुरू झाली. मास्तरांनी लांब, जाड पुठ्ठ्याची वही आणली, रकाने आखले. अनुक्रम, वय, उजवा डोळा, डावा डोळा. शेवटचा रकाना रक्तगटाचा, तो बाईंचा. रोज साडेतीनला मास्तर वही आणि दोन कप घेऊन जात. "सात नंबर, उणे दीड, दोन्ही डोळे," ते वाचत. बाई आपल्या कागदांत बघत आणि बारीक, ताठ अक्षरात लिहीत, ओ. "आठ नंबर, काही नाही, स्वच्छ." ए. "नऊ नंबर, उणे पाच." बी. मास्तर मान वर करत. "बघा! परत बी!"

बाई म्हणत, "पाहिलं मी. कप सांडाल."

बाईंचे यजमान लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच गेले होते. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. साडेपाचच्या ठोक्याला बाई पिशवी उचलून निघत, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. शेजारीण तेवढ्यापुरतीच सासूजवळ थांबे. म्हणून जे काय बोलणं व्हायचं ते वहीच्या त्या अर्ध्या तासात, आणि तेही नंबरांच्या मधल्या फटींतून. सासूने आज दूध ओतून दिलं. मास्तरांच्या आईचा गुडघा. खिडकीबाहेरच्या तारेवर बसणारा एक लंगडा कावळा. याहून मोठं काही नाही. मास्तर घरी जाऊन आईला सांगत, "संशोधन चाललंय," आणि आई म्हणे, "चालू दे. जेवायला बस."

सुट्टीच्या दिवशी मात्र साडेतीन वाजता त्यांना काय करावं ते सुचत नसे. ते घड्याळाकडे बघत, मग उठून चष्मा पुसत.

बाईंनी चाळिशी ओलांडली तेव्हा एकदा त्या कागद हात लांब करून वाचू लागल्या. मास्तरांच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. "चला माझ्या खोलीत," ते म्हणाले. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीत बसल्या. मास्तरांनी तपासणीची लोखंडी चौकट त्यांच्या नाकावर बसवली, कानामागची दांडी सारखी केली. हजारो माणसांच्या कानांमागे हीच दांडी त्यांनी बसवली होती. त्या दिवशी ती दोनदा काढून परत बसवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं.

"आता कसं दिसतंय?"

बाईंनी आधी कागद पाहिला, मग मान वर करून मास्तरांकडे. "छान दिसतंय. तुम्ही इतके पिकलात हे मात्र माहीत नव्हतं."

मास्तर हसले. काहीतरी बोलायला हवं होतं, ते जाणवत होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, अधिक एक, फक्त वाचायला, आणि चिठ्ठी पुढे केली.

चौदा वर्षांत पाच वह्या भरल्या. मग बाईंची सासू वारली. दोन महिन्यांनी बाईंनी राजीनामा दिला. दूरच्या शहरात त्यांचा भाचा होता, त्याने बोलावलं होतं. इथे एकटीने कशासाठी राहायचं, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मास्तरांनाही सांगितलं, आणि सांगून जरा थांबल्या.

शेवटच्या दिवशीही साडेतीनला वही आली, चहा आला. सोळा माणसं होती. सोळाव्याचा रकाना भरून बाईंनी टोपण लावलं.

"मग काय निघालं हो शेवटी तुमच्या संशोधनातून?"

"अजून थोडी माणसं हवीत," मास्तर म्हणाले.

"अजून किती?"

"हजारेक तरी."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि कप धुवायला घेऊन गेल्या. रोज कप मास्तर धुवत.

पाचव्या खोलीत नवा माणूस आला. भला होता, पण त्याला या भानगडीत रस नव्हता. तो यादी हातात देई, मास्तर आपल्या खोलीत बसून रक्तगट उतरवून घेत. यादीत रोज तीन-चारच माणसं असत; हा बाईंइतका कामसू नाही, एवढंच मास्तरांनी त्यावरून धरलं. वही मुंग्यांनी भरू लागली. त्याच सुमाराला मास्तरांची आई गेली. ताई तेरा दिवस येऊन राहिली, परत गेली, आणि दर रविवारी सकाळी फोन करू लागली. पुढे डोळ्यांचं यंत्र आलं. माणसाने हनुवटी टेकवली की ते आपोआप नंबर छापून देई. तक्त्यासमोर काठी धरायचं काम उरलं नाही, पण नाव मास्तरच राहिलं. सातवी वही भरत आली तेव्हा ते निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी केंद्राच्या प्रमुखांनी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले आणि त्यांना घड्याळ दिलं.

उणे नऊवाल्याला डोळ्याचा पडदा दरवर्षी दाखवून घ्यावा लागतो. त्यासाठी मास्तर मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता आधीच्या कामाबद्दल विचारलं, आणि मास्तरांच्या तोंडून वह्यांचा विषय निघाला. इतक्या वर्षांत तो आई आणि ताईशिवाय कोणापुढे निघाला नव्हता.

"किती नोंदी आहेत म्हणालात?"

"साठ हजार. थोड्या वरच."

डॉक्टरीणबाईंनी हातातला दिवा विझवला. "काका, रक्तगट आणि दृष्टिदोष यांचा संबंध बऱ्याच जणांनी शोधून पाहिलाय. कोणाला थोडंफार सापडतं, कोणाला काहीच नाही. पण साठ हजार? एका माणसाने? आणा त्या वह्या."

मास्तर दोन पिशव्यांत सात वह्या घेऊन गेले. घरी परतले तर कपाटाचा खालचा कप्पा रिकामा. त्यांनी तिथे जुने जोडे ठेवून पाहिले, मग काढले.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. संगणकाच्या पडद्यावर निळ्या, लाल रेघा होत्या. त्यांचा चेहरा उजळलेला.

"काका, पहिल्या पाच वह्यांत बी गटाच्या लोकांमध्ये मोठा उणे नंबर ठळकपणे जास्त आहे. योगायोग म्हणता येणार नाही इतका. हे छापायला हवं, तुमच्या नावासकट. फक्त एक गोष्ट मला सुटत नाहीये. शेवटच्या दोन वह्यांत तो संबंध पार नाहीसा होतो. आणि नेमकं तिथेच या रकान्याचं अक्षर बदलतं." त्यांनी पाचवी वही उघडून बोट ठेवलं. "हे कोणाचं?"

"रक्तवाल्या बाईंचं," मास्तर म्हणाले.

"त्यांना विचारावं लागेल. तपासायची पद्धत काय होती, औषध कुठलं वापरत होत्या. त्या आहेत ना अजून?"

आहेत की नाहीत, हे मास्तरांना माहीत नव्हतं. वीस वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायला कारण नव्हतं. आता कारण मिळालं, तर त्यांना इतका उत्साह आला की घरी येताना ते दोन थांबे पुढे गेले. केंद्रातल्या जुन्या शिपायाच्या बायकोचं आणि बाईंचं पूर्वी येणंजाणं होतं. तिच्याकडे भाच्याचा फोन नंबर निघाला.

फोन भाचेसुनेने उचलला. "आत्या, तुमच्या कामावरचे कोणीतरी आहेत," असं ओरडलेलं ऐकू आलं. मग चपलांचा आवाज, मग श्वास.

"हॅलो?"

"बाई, मी मास्तर बोलतोय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "डोळे कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, निळ्या रेघा, बी गट, छापून येणार आहे, तुमचंही नाव टाका म्हणून सांगतो.

"मास्तर," शेवटी बाई म्हणाल्या, "ते छापू नका."

"का?"

"अहो, रक्तगट आम्ही सगळ्यांचा कुठे तपासत होतो? नव्याने कामावर लागणाऱ्यांचा तेवढा. परवानावाल्यांचा कोण तपासतंय? तुम्ही बारा-पंधरा जणांची यादी घेऊन यायचात. माझ्याकडे कधी चौघांचं असायचं, कधी दोघांचं. पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. दोघांचं लिहून झालं की तुम्ही वही मिटायचात, चहा एका घोटात संपवायचात आणि निघून जायचात. कामाला कामापुरतं. मग मी सगळ्यांचं लिहायला लागले."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मनाने?"

"मनाने. केंद्राच्या कागदांत एक अक्षर खोटं नाही हो, तिथे कोणाच्या जिवाचा प्रश्न. तुमच्या वहीत काय, मला वाटलं, कोण बघणार आहे. आणि मोठा उणे नंबर आला की मी बी लिहायची. बी निघाला की तुमचं तोंड कसं व्हायचं, तुम्हाला ठाऊक नाही."

मास्तरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"रागावलात?"

"नाही."

"चौदा वर्षं म्हणजे काही कमी नाही. तुमचं सगळं मातीत घातलं मी."

"नाही, नाही," मास्तर म्हणाले. तिकडे कोणीतरी दूधवाला आल्याचं सांगत होतं. बाई म्हणाल्या, "ठेवते." आणि ठेवला.

मास्तर खुर्चीवर बसून राहिले. समोरच्या इमारतीत एक बाई चादर झटकत होती, ती आत गेली तरी ते तिकडेच बघत होते. चौदा वर्षं रोज दुपारी ते त्या टेबलाशी बसले होते. एका हाताच्या अंतरावरून हजारो वेळा त्यांनी त्या रकान्यात अक्षर उमटताना पाहिलं होतं. जगाचे नंबर काढून देणाऱ्या माणसाला ते वाचता आलं नव्हतं. आणि आता कळून त्याचं करायचं काय? त्यांना राग आला, पण तो बाईंचा नव्हता.

दोन दिवस ते इस्पितळात गेले नाहीत. गप्प बसलं तर नाव छापून येणार होतं, खुद्द वैद्यकाच्या मासिकात. ताई ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरली असती. तिसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले, बसले नाहीत.

"पहिल्या पाच वह्या धरू नका. सगळ्यांचं रक्त तपासलेलं नव्हतं. बऱ्याच नोंदी अंदाजाने भरल्या आहेत."

"कोणी भरल्या? त्या बाईंनी?"

"माझ्यामुळे भरल्या गेल्या. चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. रागावण्याइतक्या त्या कठोर नव्हत्या, पण दोन महिन्यांची मेहनत त्यांचीही होती. शेवटच्या दोन वह्यांवरून सांगायचं तर रक्तगटाचा आणि चष्म्याच्या नंबराचा काही संबंध दिसत नाही, म्हणाल्या, आणि एवढ्यावर लेख होत नाही. "तुमचा नंबर बहुतेक कुठल्यातरी आजोबा-पणजोबांकडून आला असेल, काका. कधीकधी मधल्या पिढ्या सोडून येतो. कधी येतो कुठून तेच कळत नाही." त्यांनी सातही वह्या परत केल्या. रिक्षापर्यंत पिशव्या उचलायला माणूसही दिला.

रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. ताई आता पंचाहत्तरीची, तिलाही चष्मा लागलेला. ती खूप वेळ ऐकत राहिली.

"अरे, मग तेव्हाच बोलायचं होतंस की."

"राहिलं."

"राहिलं काय राहिलं? दूध आणायचं राहतं. हे राहतं का?" ताई चिडली होती. मग तिचा आवाज बदलला. "जेवलास का?"

पुढच्या महिन्यात मास्तरांनी परत बाईंना फोन लावला. डॉक्टरीणबाईंना सांगून टाकल्याचं सांगितलं. "चांगलं केलंत," बाई म्हणाल्या. वीस वर्षांचं साचलेलं असेल असं मास्तरांना वाटलं होतं, पण शोधायला गेल्यावर हाताला लागेना. बाईंनी हवा कशी आहे विचारलं. त्यांनी बरी आहे म्हणून सांगितलं. बाईंच्या गच्चीवर चार कुंड्या होत्या, पैकी एक फुटली होती. मास्तरांच्या जिन्यातला दिवा बंद पडला होता. समोर वाचायला नंबरांची यादी नव्हती, आणि यादीशिवाय बोलायची दोघांना कधी सवयच लागली नव्हती. तरी दर महिन्याला ते फोन करत राहिले, आणि बाई दर वेळी फोनवर येत राहिल्या. एकदा त्या जोरात हसल्या, शिपायांनी त्यांना काय नाव ठेवलं होतं ते आठवून. तो फोन सगळ्यांत लांब चालला, अकरा मिनिटं.

मग बाईंचे कान गेले. आधी एका बाजूने, पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंनी. मास्तर आपल्या रिकाम्या खोलीत ओरडत, "मी मास्तर! मास्तर बोलतोय!" आणि पलीकडून बाई विचारत, "कोण? कोण आहे गं?" भाचेसून फोन घेई आणि म्हणे, "काका, त्यांना ऐकू येत नाही आता. मी निरोप देते. काय सांगू?"

काय सांगायचं? एका भाचेसुनेच्या हाती, ओरडून, काय सांगायचं?

"मास्तरांचा फोन होता म्हणून सांगा," ते म्हणत.

अजूनही महिन्यातून एकदा ते फोन करतात. भाचेसून आता त्यांचा आवाज ओळखते. "बऱ्या आहेत," ती सांगते, "आत्ताच गच्चीत जाऊन बसल्यात. बोलावू का?" मास्तर नको म्हणतात. बसू दे त्यांना, म्हणतात.